खूण पुसणारा

७ जून

चि. कन्येस,

आशीर्वाद आहेत. तू मागितले नसलेस तरी ते पाठवण्याची पद्धत आहे, म्हणून पाठवीत आहे.

तुझे पत्र तुझ्या संस्थेच्या पाकिटातून, संस्थेच्या शिक्क्यासह, मला मिळाले. वडिलांना पत्र लिहिण्यासाठी तुला संस्थेचे पाकीट लागले, याचे मला नवल वाटले नाही. पत्राच्या आरंभी तू मला ‘माननीय’ म्हटले आहेस आणि शेवटी ‘बाबा’. यांपैकी कोणतेही एक ठेवावे.

माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेळ झाली तरी मरत नाहीत आणि त्यामुळे त्यांची दाटी होत चालली आहे, हे येथील डॉक्टरांनी मला पूर्वीच सांगितले होते. त्यांचा सूर असा होता, की जणू त्या पेशींना मीच लाडावून ठेवले आहे. तुझे स्पष्टीकरण त्यांच्यापेक्षा बरे आहे. ‘चौथी शिकलेल्या माणसाला समजेल असे लिहिले आहे’ हे वाक्य मात्र अनावश्यक होते. चौथीत मी वर्गात पहिला होतो.

मला जे समजले ते लिहितो. चुकले असल्यास दुरुस्त करावे. प्रत्येक पेशीच्या पोटात तिला संपवू शकणारे एक प्रथिन असते. त्याच्या अंगावर फॉस्फेटची खूण असेपर्यंत दुसरी प्रथिने त्याला धरून ठेवतात आणि ते निपचित पडून राहते. मग फॉस्फेटेज नावाचा कामगार येतो आणि ती खूण पुसतो. तो मारीत नाही, केवळ पुसतो. सुटलेले प्रथिन पेशीच्या वीजघराशी जाते. वीजघर फुटेपर्यंत परत फिरता येते, फुटल्यावर येत नाही. त्यानंतर पेशी स्वतःची आवराआवर करू लागते. ती आक्रसते, आपल्या वस्तूंची लहान लहान गाठोडी बांधते आणि शेजारच्या पेशी ती गाठोडी गिळून टाकतात. गलका नाही, सूज नाही, पू नाही. माझ्या रोगट पेशींत या पुसणाऱ्याचे हात कोणीतरी बांधून ठेवले आहेत आणि तुझे औषध ते हात सोडवते.

यात मला परके असे काही वाटले नाही. आम्ही इमारती पाडीत नसू, उतरवीत असू. हा फरक तू लहानपणी शेजारच्या मुलांना समजावून सांगत असस. एका ओळीतले मधलेच घर उतरवायचे असले, म्हणजे जे खांब आणि तुळया राहू द्यायच्या त्यांवर मी लाल खडूने खूण करीत असे. एखाद्या खांबाचे काम संपले, की ओल्या फडक्याने खूण पुसायची. घरात उभे राहून ‘काढा’ असे कोणी म्हणायचे नाही, हा आमच्या धंद्यातला रिवाज. गडी येत, खूण नाही असे पाहत आणि खांब उतरवून घेत. शेजारच्या घरातले पोर झोपेतून जागे होत नसे.

तोच फॉस्फेटेज निराळ्या प्रथिनावरची खूण पुसून पेशीला कधी कधी वाचवतो, असेही तू लिहितेस. असा कामगार मी ठेवला नसता.

रक्त दिले आहे. बुधवारी आरोग्य केंद्रात रांगेत बसून दिले. माझ्या समोरच्या खोलीत राहणारे घड्याळजी सोबत होते. त्यांनाही हाच आजार आहे, आणि त्यांच्या नावाची कुपीही तुझ्याकडेच रवाना झाली आहे. माझ्या नावाची कुपी तुला मिळाली असेलच. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

तू फोन करण्याविषयी लिहितेस. तुझ्या आईला तिच्या दुखण्याविषयी जे सांगायचे नाही असे घरात ठरले होते, ते तू तिला सांगितलेस, आणि ती पंधरवड्यात गेली. तेव्हापासून मी तुझ्याशी तोंडाने बोललेलो नाही व बोलणार नाही. लेखी व्यवहाराला माझी हरकत नाही.

तुझा पिता

२१ जून

चि. कन्येस,

आशीर्वाद.

माझ्या नावाच्या पेशी बाटलीत छान जगल्या आहेत आणि घड्याळजींच्या नावाच्या पेशी तू तुलनेसाठी औषधाविना बाजूला ठेवल्या आहेस, हे समजले. तू रोज सकाळी डोळ्याला भिंग लावून पहिल्या बाटलीला ‘काय बाबा, कसे आहात?’ असे विचारतेस, हे वाचून मला हसू आले. का आले, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. तू त्यांना तसे विचारू नयेस.

मी ते घड्याळजींना वाचून दाखवले. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“चला, रोज सकाळी कोणीतरी विचारतंय म्हणायचं!” ते म्हणाले. “बायको गेल्यापासून मला फक्त दूधवाला विचारतो, आणि तोही ‘आज किती’ एवढंच.”

“आपण हे बोलण्याचे कारण नाही,” मी म्हणालो.

“बरं बरं. पण मुकादम, तुम्ही एकदा मोकळं हसा हो. इमारत नाही कोसळायची.”

घड्याळजी माझ्याहून वयाने लहान आहेत आणि त्यांना बोलण्याची खोड आहे. त्यांची खोली हीच त्यांची कार्यशाळा. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळे लटकलेली असतात आणि प्रत्येकात निराळी वेळ असते. मी एकदा हटकले, तर म्हणाले, “सगळ्यांनी एकदम बारा वाजवले तर लोकांना वाटेल, एकच घड्याळ आहे. धंदा कसा चालायचा?” दिवसभर ती टिकटिक दारातून माझ्याकडे येते. तुझ्या आईला ती आवडत नसे. मला तिची सवय झाली आहे.

तू विचारतेस, की माझ्या तब्येतीत काही वेगळे जाणवते का. नाही.

सोमवारी बाटलीत पहिले औषध घालणार असे तू लिहितेस. घाल.

तुझा पिता

५ जुलै

चि. कन्येस,

आशीर्वाद.

औषध लागू पडले आणि पेशी आक्रसू लागल्या, याचा तुला झालेला आनंद तुझ्या अक्षरातही दिसतो. वेलांट्या सुटल्या आहेत. तुझे अभिनंदन करतो. मला स्वतःला काहीही झालेले नाही. भूक आहे, झोप आहे, पायऱ्या चढताना दम लागतो तो पूर्वीइतकाच.

येथील एक हकिकत लिहितो. तिचा तुझ्या कामाशी संबंध आहे असे माझे म्हणणे नाही.

त्या सोमवारी सकाळी टिकटिक कमी वाटली. मी समोर गेलो. घड्याळजी जमिनीवर बसले होते आणि भिंतीवरचे एकेक घड्याळ काढून उघडत होते. तबकडी निराळी, काटे निराळे, स्प्रिंग निराळी. प्रत्येक भाग पुसून ते कागदाच्या लहान पुडीत बांधत होते. त्यांच्या हातांना घाई नव्हती. मी आयुष्यभर कामगारांचे हात पाहिले आहेत. इतके निश्चिंत हात मी पाहिलेले नाहीत.

“दुकान हलवताय की काय?” मी विचारले.

“नाही हो.”

“मग हे काय?”

“आवरतोय,” ते म्हणाले. “बरं वाटतंय आवरताना.”

दुपारी ते पुड्या घेऊन बाहेर पडले. मी माझ्या दारात उभा होतो. प्रथम ते शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेले. त्यांनी दार वाजवले नाही. वाजवण्याआधीच दार वीतभर उघडले आणि आतून एक हात बाहेर आला, तळवा वर करून. घड्याळजींनी त्यावर पुडी ठेवली. हात आत गेला आणि दार लागले. पलीकडे निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्या दारातही तसेच झाले. त्यापुढच्या दारातही. कोणी ‘हे काय’ म्हणाले नाही, कोणी ‘कशाला’ म्हणाले नाही. या मजल्यावर पाण्याची बादली मधे ठेवली तरी भांडण होते, हे तुला माहीत आहे.

शिंपीणबाईंना मी जिन्यात गाठले. “घड्याळजींनी आपल्याला काय दिले?”

“चाकं दिली हो, घड्याळाची. बारीक बारीक.”

“आपल्याला त्यांचा काय उपयोग?”

“काहीच नाही.” त्यांनी तळवा उलटून पाहिला. “पण सकाळपासून असं वाटत होतं बघा, की कोणीतरी काहीतरी द्यायला येणार, आणि आपण ते घ्यायचं. भूक लागते ना, तसं.”

माझे दार मी आपणहून उघडले होते. माझ्याकडे मात्र घड्याळजी आले नाहीत. मला काही घ्यावेसेही वाटले नव्हते.

आता त्यांचा सदरा अंगावर सैल झाला आहे. जेवण व्यवस्थित आहे, ताप नाही, कोठे दुखत नाही. केवळ माणूस आतल्या आत लहान होत चालला आहे. परवा मी त्यांना थोडे कठोरपणे बोललो. “अहो, गिऱ्हाइकांची घड्याळे आहेत ही. लोक बोंब मारतील.” यावर त्यांनी काहीतरी टोला द्यायला हवा होता. ते नुसते म्हणाले, “कोणी आलं नाही बघा विचारायला.” आणि ते खरे आहे. गिऱ्हाईक फिरकलेले नाही.

मला एक सर्वसाधारण शंका विचारायची आहे. समज, एखाद्या प्रयोगशाळेत बाटलीवरचे नाव चुकले. पेशी एकाच्या आणि नाव दुसऱ्याचे. तर औषधाचा परिणाम ज्याच्या पेशी आहेत त्याच्या शरीरापर्यंत पोचेल काय? तो माणूस तर औषध घेतच नाही. तो दूर आपल्या खोलीत बसलेला आहे. मला ठाऊक आहे की हा प्रश्न हास्यास्पद आहे. तरी उत्तर लेखी द्यावे.

तुझा पिता

१४ जुलै, बुधवार

चि. कन्येस,

आशीर्वाद.

तुझे उत्तर मिळाले. बाटलीतल्या पेशींचा आणि माणसाचा एकदा संबंध तुटला की तुटला. जसे कापलेल्या नखाचे माणसाला काही कळत नाही, तसेच हे. नख मलाही समजते. नावे चुकत नाहीत, कारण तुझ्याकडे कुपी येते ती चिठ्ठीच्या नंबरासकट येते, असेही तू लिहितेस. आणि माझ्या नावाच्या पेशी तू आता तीन बाटल्यांत वाटून ठेवल्या आहेस; येत्या शुक्रवारी त्यांत मोठी मात्रा घालणार आहेस, तिने एकूण एक पेशी आवरली जाईल.

ती मात्रा घालू नये.

कारण लिहितो. त्या बुधवारी आरोग्य केंद्रात परिचारिका नवीन होती आणि माणसाचे तोंड न पाहता चिठ्ठीचा नंबर पाहत होती. रांगेत बसल्या बसल्या मी घड्याळजींना म्हणालो, “आपली चिठ्ठी मला द्या आणि माझी आपण घ्या.”

“का हो? माझा नंबर काय लॉटरीत लागलाय?”

“माझे रक्त ज्या ठिकाणी जाणार आहे, त्या ठिकाणी ते जावे अशी माझी इच्छा नाही.”

त्यांना सगळे ठाऊक आहे. भिंती पातळ आहेत. “लेकीकडेच जाणार ना?”

“म्हणूनच.”

“असं म्हणता? घ्या बाबा. रक्त ते रक्त. आणि तुमच्या नावानं का होईना, माझी कोणीतरी सेवा करील!”

अशा रीतीने माझ्या नावाच्या कुपीत घड्याळजींचे रक्त आहे. जिला तू रोज सकाळी विचारपूस करतेस, ती बाटली त्यांची आहे. माझ्या पेशी त्यांच्या नावाने, औषधाविना, तुझ्या कपाटात बसून आहेत. हे मी का केले, ते तू समजू शकतेस. ते योग्य होते की अयोग्य, याची चर्चा मला करावयाची नाही.

आता येथील स्थिती. घड्याळजींच्या खोलीत काही उरलेले नाही. खाट मास्तरांकडे गेली. शिंपीणबाईंची खोली आणि त्यांची खोली यांच्यामध्ये फळ्यांचा आडोसा आहे, तुला आठवत असेल. काल दुपारी त्या आडोशाच्या दोन फळ्या बाईंनी काढल्या. राग नाही, भांडण नाही. बाई गुणगुणत होत्या. मग त्यांनी आपले कपाट ढकलत ढकलत घड्याळजींच्या खोलीत आणले. घड्याळजी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले होते. कपाट जवळ आले तसे त्यांनी पाय पोटाशी घेतले. बाईंनी कपाट आणखी हातभर पुढे सरकवले. त्यांनी पाय आणखी जवळ घेतले. दुसऱ्या बाजूने मास्तरांनी आपल्या पुस्तकांच्या चळती लावायला सुरुवात केली आहे.

मी ओरडलो. “मास्तर, तिथे माणूस बसला आहे!”

मास्तर चष्मा वर करून म्हणाले, “हो, बसलेत की.” आणि त्यांनी आणखी एक चळत ठेवली.

मी घड्याळजींना दंडाला धरून उठवायला गेलो. दंड हातात आला तो लहान मुलाचा वाटला. “चला माझ्याकडे,” मी म्हणालो.

“नको. इथं बरंय.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओळखीने पाहिले. “मुकादम, कोणी पुसतंय का हो मला?”

मी आयुष्यात पुष्कळ घरे उतरवली. उतरवताना कोणत्याही घराने मला हा प्रश्न विचारला नव्हता.

तुझे विज्ञान या गोष्टीला हसेल. हसू दे. पण मात्रा घालू नकोस, आणि आधी घातलेले औषध धुऊन टाकता येत असेल तर धुऊन टाक. वीजघर फुटण्यापूर्वी परत फिरता येते, हे तुझेच वाक्य आहे. सगळी वीजघरे अजून फुटलेली नसावीत. त्यांनी मला ओळखले आहे.

हे पत्र शुक्रवारपूर्वी तुझ्या हाती पडणार नाही, हे आता इतके लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात येत आहे.

२० जुलै

चि. कन्येस,

आशीर्वाद.

मागील पत्र सही न करता टाकले गेले, ही चूक झाली.

आपले शुक्रवारी फोनवर बोलणे झाले. त्याची लेखी नोंद असावी म्हणून लिहितो. बुधवारीच मी औषधाच्या दुकानात गेलो होतो. तेथे फोन आहे. दुकानदाराने “काय देऊ?” असे विचारले आणि मी खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आलो. गुरुवारीही गोळ्याच घेतल्या. मला खोकला नाही. शुक्रवारी सकाळी घड्याळजींच्या दारातून आत पाहिले, तर कपाट आणि पुस्तके यांच्यामध्ये फक्त त्यांचा गुडघा दिसत होता. मग मी गेलो आणि दुकानदाराला तुझा नंबर फिरवायला सांगितले.

तू “हॅलो” म्हणालीस. तुझा आवाज तुझ्या आईसारखा झाला आहे, हे मला कोणी कळवले नव्हते.

“मी बोलतो आहे,” मी म्हणालो.

“बाबा? …बाबा, काय झालं? तुम्ही बरे आहात ना?”

“औषध घालू नकोस. त्या पेशी माझ्या नव्हेत. चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या.”

“काय? काय बदलल्या?”

“घड्याळजींच्या आहेत. तू प्रथम हात थांबव, मग वाटेल तेवढे बोल.”

“अहो, हातात नळीच आहे माझ्या! दोन बाटल्यांत घालून झालंय, तिसरीत घालतेय.”

“धुऊन काढ.”

“बाबा, असं कसं… महिन्याचं काम आहे हे!”

“बाळ, धू.”

यानंतर पाण्याचा की कशाचा आवाज आला, आणि तू रडत होतीस की रागाने श्वास घेत होतीस, ते मला दुकानातल्या गर्दीत समजले नाही. दुकानदाराला सगळे ऐकू गेले आहे. असो.

घरी परतलो, तेव्हा जिन्यातच आवाज आला. “अहो बाई, तुमचं कपाट माझ्या खोलीत काय करतंय?”

“अगं बाई! खरंच की!”

“आणि मास्तर, ही लायब्ररी? मी मेलो समजलात काय?”

मास्तर पुस्तके उचलताना इतके शरमले होते, की एक चळत माझ्या पायावर पडली. बाईंनी पुड्या परत आणून दिल्या. सगळ्या नाही, काही कोठे ठेवल्या ते त्यांना आठवत नाही, आणि घेतल्या होत्या हेही नीटसे आठवत नाही. घड्याळजी अशक्त आहेत, पण बडबडतात. एक गोष्ट राहिली आहे. त्यांनी एक घड्याळ जोडून चालू केले, कानाशी धरले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. त्यांना टिकटिक ऐकू येत नाही. माझे बोलणे, दूधवाल्याची हाक, जिन्यातली पावले, सगळे ऐकू येते. टिकटिक तेवढी येत नाही. बहुधा ती त्या दोन बाटल्यांत गेली.

तुझे रागाचे पत्र आज मिळाले. त्यातला राग रास्त आहे. आजारी माणूस उदास होतो, वस्तू वाटून टाकतो, शेजारी दयेने घेतात, औषधाच्या तारखा जुळणे हा योगायोग, असे तू लिहितेस. तेच खरे असले पाहिजे. तुझे खरे आहे.

माझ्या अस्सल पेशींवर औषध चालते की नाही ते पाहिल्याशिवाय मला उपचार देता येणार नाही, आणि अन्य औषध उरलेले नाही, म्हणून तू परवानगी मागतेस. परवानगी आहे. या वेळी बाटलीवरचे नाव आणि बाटलीतला माणूस एकच आहे. औषध कोणत्या दिवशी घालणार ते मात्र आधी कळवू नये. मन उगाच खेळ करते, असे तूच म्हणतेस.

तुझा पिता

३ ऑगस्ट

चि. बाळ,

आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. माझ्या पेशी औषधाला उत्तम दाद देत आहेत, तू पाहिलेल्या सर्व नमुन्यांत इतक्या नीटसपणे आवरणाऱ्या पेशी दुसऱ्या नाहीत, हे वाचून समाधान वाटले. कामात नीटसपणा हा पहिल्यापासून माझा आग्रह होता. आता उशीर न करता मी तिकडे यावे, म्हणजे औषध सुरू करता येईल, असे तू लिहितेस. येण्याचे पाहतो.

औषध मंगळवारी घातले, असे तू आता कळवले आहेस. त्या मंगळवारी मी नेहमीप्रमाणेच होतो. सकाळी हत्यारांची पेटी उघडली, कारण ती बरेच दिवस उघडायची होती. ओळंबा, पट्टी, छिन्न्या पुसून फडक्यात बांधल्या. कपाटातले कपडे काढले. सदऱ्यांच्या गुंड्या मी थोड्या आत लावून घेतल्या आहेत, शिंपीणबाई चांगल्या लावतात. कोठे दुखत नाही. खरे सांगायचे तर आवरताना बरे वाटते. यात काळजी करण्यासारखे काही नाही; म्हातारा माणूस आवराआवर करतोच.

एवढेच झाले, की बांधलेली गाठोडी कोणाला तरी द्यावी असे वाटले. मी व्हरांड्यातून एक फेरी मारली. एकही दार उघडले नाही. मग मी मास्तरांचे दार वाजवले आणि पट्टी पुढे केली. “नको हो मुकादम, मला काय करायची?” शिंपीणबाई म्हणाल्या, “ठेवा तुमच्याकडेच.” त्या माझ्याशी प्रेमाने बोलल्या, पण हात पदराखालून बाहेर आला नाही. या मजल्यावर मी इतकी वर्षे राहिलो आणि कोणाला माझे काही घ्यावेसे वाटत नाही. याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. मी कोणाला जवळ येऊ दिले नव्हते.

संध्याकाळी घड्याळजी माझ्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी गाठोडी पाहिली. त्यांना समजले असावे, कारण त्यांचा चेहरा उतरला.

“मुकादम, मला द्या. मी घेतो.”

“तुम्हाला घ्यावेसे वाटते काय?”

त्यांनी आपला तळहात पुढे करून पाहिला. “नाही वाटत हो,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. “जबरदस्तीनं घेऊ का? तुम्हीच ना मला तिथून काढलंत. फोन करा पोरीला, ‘थांबव’ म्हणा.”

“काय म्हणून थांबवायचे? तिचे औषध चालते आहे. ते पुढे कितीतरी माणसांना लागेल. सुरू झालेले काम मी आजवर अडवलेले नाही.”

“पण तिला माहीत तरी आहे का, काय चाललंय ते?”

“तिला ठाऊक आहे की हा योगायोग आहे,” मी म्हणालो. “आणि तिला तेच ठाऊक असावे. हे तुम्ही तिला कधीही सांगायचे नाही.”

हे मी तुला लिहिले नसते. पण संवाद जसा झाला तसा लिहिण्याची मला सवय आहे, आणि लिहिलेले खोडून ठेवणे मला आवडत नाही. तू त्याला योगायोगच समज.

पण तुझ्या पत्राच्या तळाशी, सही झाल्यावर, तू दोन ओळी आणखी लिहिल्या आहेस. घाईत लिहिल्यासारख्या आहेत. मंगळवारपासून तू तुझ्या घरातले कोपऱ्यातले मोठे कपाट रिकामे करीत आहेस. का ते कळत नाही. सगळे सामान बाहेर काढलेस, आत कोरा कागद अंथरलास, आणि दार लावावेसे वाटत नाही म्हणून उघडेच ठेवले आहेस. जावई हसतात. ‘काहीतरी येणार आहे आणि आपण ते घ्यायचं, असं सारखं वाटतंय,’ असे तू लिहितेस.

मी ते पत्र घडी घालून वरच्या गाठोड्यात ठेवले.

तू त्यावर फार विचार करू नकोस. कपाट रिकामे असणे केव्हाही सोयीचे असते. मी गाठोडी घेऊन निघायच्या तयारीत आहे. गाठोडी लहान आहेत आणि दिवसेंदिवस मला त्याहूनही लहान बांधता येत आहेत, तेव्हा जागेची अडचण होणार नाही असे वाटते. तरी काम अंदाजाने करू नये. कपाटाची लांबी, रुंदी आणि खोली मोजून सांग. पत्राने नको, पत्राला उशीर होईल. फोन कर, दुकानाचा नंबर पाकिटावर लिहिला आहे. मी औषधाच्या दुकानातच बसून आहे.

बाबा